कुलपती म्हणजे कुलगुरू नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझी नात एका सामान्यज्ञान स्पर्धेला बसली होती. ती आठवीत आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका सभागृहात ठाण्या-कळव्याच्या शाळांतली मुले जमली होती. चौतिसावा प्रश्न होता, 'मुंबई विद्यापीठाचे कुलपती कोण असतात?' नातीने लिहिले, 'महाराष्ट्राचे राज्यपाल.' उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा त्या उत्तरावर तांबडी फुली होती आणि बाजूला तपासणाऱ्यांनी लिहिले होते, 'व्हाइस चॅन्सेलर'. गुण एकच गेला, बक्षिसात त्याने काही फरक पडला नसता. पण घरी आल्यावर ती म्हणाली, "आजी, तूच सांगितलं होतंस ना?" आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना फोन केला. बोलणारे गृहस्थ सज्जन होते. उत्तरसूची काढून त्यांनी मला सांगितले की, ती एका हिंदी गाइडावरून मराठीत उतरवली आहे आणि गाइडात 'कुलपति' या शब्दासमोर व्हाइस चॅन्सेलर असेच छापले आहे. म्हणजे गाइड चुकलेले नव्हते. हिंदीत ते बरोबरच आहे. मराठीत आणताना शब्द तसाच उचलला गेला आणि इकडे येता येता त्याचा अर्थ बदलला, एवढेच कोणाच्या लक्षात आले नाही.

हे मी मनाआड केले असते. पण गेल्या आठवड्यात आपल्याच दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पानावर मथळा वाचला, 'निकालासाठी विद्यार्थ्यांचे कुलपतींना निवेदन'. खालच्या बातमीत निवेदन स्वीकारणारे गृहस्थ कुलगुरू होते, तेही एका ओळीत 'कुलपती' आणि पुढच्या ओळीत 'उपकुलपती'. एका बातमीत एका माणसाला दोन पदे, आणि दोन्ही त्यांची नव्हेत. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण कृपया पूर्ण वाचावे.

मी १९८२ ते २०१५ अशी ३३ वर्षे एका विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरी केली. मराठी टंकलेखक म्हणून लागले, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पदवीदान समारंभाची मराठी निमंत्रणे, परिपत्रके, अधिसभेची कार्यक्रमपत्रिका हे सगळे आमच्या टेबलावरून जात असे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती मी अजून विसरलेली नाही. निमंत्रणाच्या स्टेन्सिलवर मी 'मा. उपकुलपती' असे टंकले. शाळेत शिकले होते की, व्हाइस म्हणजे उप. व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे उपाध्यक्ष, तसे व्हाइस चॅन्सेलर म्हणजे उपकुलपती, असा माझा हिशेब. सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती निघाल्या, आणि मग आमच्या अधीक्षकांनी त्यातली एक हातात घेतली. ते ओरडले नाहीत. मला समोर बसवून म्हणाले, "ताई, आपल्याकडे उपकुलपती नावाचं पदच नाही. कुलपती म्हणजे राज्यपाल. कुलगुरू म्हणजे रोज या इमारतीत बसून विद्यापीठ चालवणारे. कुलगुरूंच्या खाली प्र-कुलगुरू. कागदपत्रांना जबाबदार कुलसचिव. हे चार शब्द पाठ करा, बाकी सगळं तुम्हांला येतं." त्या दोनशे कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही पुढे वर्षभर कच्चे मसुदे लिहिले. दर वेळी कागद उलटला की खालून 'उपकुलपती' दिसायचे. ते चार शब्द कायमचे पाठ झाले.

आता मूळ घोळ. इंग्रजीत दोन पदे आहेत, चॅन्सेलर आणि व्हाइस चॅन्सेलर. मराठीत चॅन्सेलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर म्हणजे कुलगुरू. हिंदीत चॅन्सेलर म्हणजे कुलाधिपति आणि व्हाइस चॅन्सेलर म्हणजे कुलपति. गुजराती आणि कन्नडमध्येही सर्वसाधारणपणे हिंदीसारखेच. त्यामुळे लखनौहून आलेली 'कुलपति ने इस्तीफा दिया' ही बातमी मराठीत 'कुलपतींचा राजीनामा' अशी उतरली, की आपल्या वाचकाला वाटणार राज्यपाल गेले. हा घोळ परराज्यातूनच येतो असेही नाही. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथे 'कुलपति' अशी पाटी असलेल्या दालनात व्हाइस चॅन्सेलर बसतात. तिथून निघून दीड-दोन तासांत नागपूरला पोहोचले की तिथल्या विद्यापीठात तोच शब्द राज्यपालांसाठी.

बंगालीत तर वेगळीच सोय आहे. तिथे चॅन्सेलर म्हणजे आचार्य आणि व्हाइस चॅन्सेलर म्हणजे उपाचार्य. विश्वभारतीचे आचार्य देशाचे पंतप्रधान असतात. आपल्याला आचार्य म्हटले की विनोबा आठवतात, अत्रे आठवतात. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात आणखी तिसरी रीत. १९२० साली गांधीजींनी ते स्थापन केले, ते स्वतः अखेरपर्यंत त्याचे कुलपती होते, म्हणजे आपल्या अर्थाने चॅन्सेलर. तिथे व्हाइस चॅन्सेलरला 'कुलनायक' म्हणतात. मला तो शब्दही आवडतो. पण तो त्यांचा, आपला कुलगुरू.

कोणी म्हणेल, आजी, शब्दांत काय आहे? म्हणून ठाण्याजवळच्या दिवा गावच्या एका मुलाची गोष्ट सांगते. निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोनदा मराठी ग्रंथसंग्रहालयात वाचायला जाते. मी विद्यापीठात होते हे कळल्यापासून मुले अर्ज दाखवायला येतात. हा मुलगा बी.कॉम. झालेला. गुणपत्रिकेत आईचे नाव चुकीचे पडले होते. (गुणपत्रिकेवर आईचे नाव यावे हा निर्णय मुंबई विद्यापीठात डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू असताना झाला. त्या निर्णयाबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.) कुठेतरी 'अशा तक्रारी कुलपतींकडे कराव्यात' असे वाचून त्याने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि रजिस्टर पोस्टाने थेट मलबार हिलला, राजभवनावर पाठवला. सहा आठवड्यांनी त्याला दोन ओळींचे पत्र आले की, आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी विद्यापीठाकडे पाठवण्यात येत आहे. तोवर नोकरीच्या कागदपत्रांची तारीख उलटली होती. हे काम परीक्षा विभागाचे, फार तर कुलसचिवांचे. त्यासाठी कुलगुरूंपर्यंतही जावे लागत नाही, राज्यपाल तर दूरच. त्या मुलाने मला ते पत्र दाखवले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आपलंच काहीतरी चुकलं असा भाव होता. तो मला बघवला नाही. चुकीचा शब्द त्याने बनवला नव्हता, छापलेला वाचला होता.

दुसरे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची पद्धत घाईने आणली आणि निकाल रखडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलपतींनी, म्हणजे तेव्हाच्या राज्यपालांनी, कुलगुरूंना पदावरून दूर केले. आता याच वाक्यात दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा. किंवा कुलगुरूंना 'कुलपती' म्हणा. 'कुलपतींनी कुलपतींना हटवले.' वाचकाला काय कळणार? कोणी कोणाला जाब विचारला हेच त्या बातमीचे सार होते, आणि ते या दोन शब्दांवर उभे होते.

कुलपतींचे अधिकार राज्यघटनेतून आलेले नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते. ते विधिमंडळाच्या कायद्यातून येतात. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. ते विद्यापीठाचे प्रमुख, पदवीदान समारंभाला हजर असले तर अध्यक्षस्थान त्यांचे. कुलगुरू नेमायचे तर शोध समिती नावे सुचवते आणि त्यातून निवड कुलपती करतात. कुलगुरूंची मुदत ५ वर्षे किंवा वयाची ६५ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर. अभ्यासक्रम, परीक्षा, महाविद्यालयांची संलग्नता, प्राध्यापक, पैसे, वसतिगृहाच्या नळाचे पाणी हा सगळा रोजचा भार कुलगुरूंच्या शिरावर. आमच्या कार्यालयात कुलपती वर्षाकाठी एकदा यायचे. त्या दिवशी जिन्यावर नवा गालिचा अंथरला जायचा. कुलगुरू रात्री साडेआठलाही दिसायचे, आणि तेव्हा जिन्यातले दिवे कधी चालू असायचे, कधी नसायचे.

यावरून भांडणेही झाली आहेत, आणि त्या बातम्या समजायच्या तर शब्द नेमके हवेत. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. त्यात उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करायचे होते. सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. त्या दिवसांत मी दूरचित्रवाणीवर 'मंत्री होणार प्र-कुलगुरू' अशी पट्टी पाहिली आणि ताडकन उठून बसले. प्र-कुलगुरू हे प्राध्यापकाचे पद, विद्यापीठात रोज काम करण्याचे. प्र-कुलपती म्हणजे मंत्री. दोन अक्षरांच्या चुकीने मंत्र्याला परीक्षा विभागाशेजारच्या खोलीत आणून बसवले होते. कृषी विद्यापीठांत प्रति-कुलपती म्हणून कृषिमंत्री आधीपासूनच आहेत, म्हणजे ही कल्पना नवीनही नव्हती. हे सांगणारा एकही वार्ताहर मला दिसला नाही.

पश्चिम बंगालने २०२२ च्या जूनमध्ये राज्यपालांऐवजी मुख्यमंत्र्यांना आचार्य करण्याचे विधेयक मंजूर केले. केरळने त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यपालांना या पदावरून दूर करण्याचे. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पूंछी आयोगाने २०१० सालीच सुचवले होते की, राज्यपालांवर विद्यापीठांच्या कुलपतिपदाचा भार टाकू नये. माझे मत विचाराल तर मला आयोगाचे म्हणणे पटते. कुलपती राज्यपाल असावेत की एखादा मोठा विद्वान असावा, यावर मराठीत खुली चर्चा व्हायला हवी. पण चर्चा करणाऱ्यांपैकी निम्मे कुलगुरूंबद्दल बोलत असतील आणि निम्मे राज्यपालांबद्दल, तर ती चर्चा होणार कशी?

त्यातच आता आपल्या नवी मुंबईत आणि ठाण्याच्या आसपास अभिमत आणि खासगी विद्यापीठे झाली आहेत. तिथे कुलपती राज्यपाल नसतात, संस्था चालवणाऱ्या मंडळींनी नेमलेली व्यक्ती असते, बहुधा संस्थापक किंवा त्यांच्या घरातले कोणी. दिल्ली विद्यापीठाचे कुलपती उपराष्ट्रपती असतात आणि केंद्रीय विद्यापीठांत राष्ट्रपतींना निराळेच पद असते, ते म्हणजे कुलाध्यक्ष. तेव्हा 'कुलपती' एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या विद्यापीठाचे, हेही सांगावे लागते.

आता थोडे मागे जाते, कारण हा शब्द कुठून आला हे कळल्यावर मला जे वाटले ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

माझे वडील कोर्ट नाक्यावरच्या न्यायालयात पट्टेवाले होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात लाकडी कठडा असे. कठड्याच्या आत न्यायाधीश, कारकून, वकील. बाहेर मुरबाड-शहापूरहून पहाटे निघून आलेली माणसे. वडील कठड्याच्या टोकाशी उभे राहून पुकारा करायचे. कागद आतून बाहेर आणि बाहेरून आत त्यांच्या हातून जायचे. लोक त्यांना विचारायचे, "दादा, माझा नंबर कधी?" तीस वर्षे त्यांनी हेच काम केले. मी स्वतः निवृत्त झाल्यावर एका जाड इंग्रजी कोशात चॅन्सेलर शब्दाचे मूळ शोधले. लॅटिनमध्ये कठड्याला, जाळीच्या आडोशाला जो शब्द होता, त्यावरून तो आला आहे. रोमन न्यायालयात न्यायाधीश आणि लोक यांच्या मधल्या जाळीपाशी उभा राहणारा सेवक, तो पहिला चॅन्सेलर. म्हणजे माझे वडील जे काम करत होते ते. मी कोश मिटवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना सांगितले असते.

त्याच जाळीवरून आणखी एक शब्द निघाला आहे. लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारून तो खोडायचा, यावरून इंग्रजीतले 'कॅन्सल'. ठाणे स्टेशनावर पावसाळ्यात आपण रोज म्हणतो, गाडी कॅन्सल झाली. नातीच्या उत्तरावर जी तांबडी फुली होती, तीही तीच जाळी.

कठड्यापाशी उभा राहणारा हा माणूस पुढे लिहू लागला, मग राजाचा पत्रव्यवहार सांभाळू लागला, मग राजाचा शिक्का त्याच्या ताब्यात आला. शिक्क्याशिवाय हुकूम नाही, म्हणून त्याचे वजन वाढले. आपल्याला हे समजायला अवघड जायला नको. शिवरायांच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा असे आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तब. त्यानंतर एक अक्षरही वाढवता येत नसे. आपण आजही म्हणतो, शिक्कामोर्तब झाले. अष्टप्रधानांतले सचिव म्हणजे सुरनीस राजपत्रे तपासत. युरोपात असे काम चॅन्सेलरकडे होते. १६८८ साली इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स पळून जाताना राज्याचा मोठा शिक्का थेम्स नदीत टाकून गेला. शिक्काच नाही तर मागे राहिलेल्यांना कारभार करता येणार नाही, असा त्याचा विचार. विद्यापीठांतही हे पद शिक्क्यामुळेच आले. मध्ययुगात पॅरिसला शिकवण्याचा परवाना देण्याचा अधिकार तिथल्या मोठ्या चर्चच्या चॅन्सेलरकडे होता. पदवी म्हणजे मुळात तो परवाना. पदवीदानाला कुलपती व्यासपीठावर मधोमध का बसतात, हे मला ३३ वर्षे निमंत्रणे टंकून कळले नव्हते, ते तेव्हा कळले.

एकाच मुळापासून निघालेला हा शब्द देशोदेशी इतका बदलला की जपूनच भाषांतर करावे लागते. जर्मनीत चॅन्सेलर म्हणजे सरकारचा प्रमुख, आपल्या पंतप्रधानांसारखा. बिस्मार्क १८७१ पासून साम्राज्याचे चॅन्सेलर होते. हिटलरही ३० जानेवारी १९३३ ला आधी चॅन्सेलरच झाला. त्या अनुभवातून शहाणे होऊन युद्धानंतरच्या जर्मनांनी १९४९ च्या घटनेत तरतूद केली की, चॅन्सेलरला नुसते पाडता येणार नाही, त्याच मतदानात नवा निवडावा लागेल. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. मर्केलबाई या पदावर १६ वर्षे होत्या. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये मात्र चॅन्सेलर सरकारचा प्रमुख नसतो, सात मंत्र्यांच्या मंडळाचे कार्यालय तो सांभाळतो. ब्रिटनमध्ये 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणजे अर्थमंत्री. पूर्वी पैसे मोजायला बुद्धिबळाच्या पटासारखे चौकड्यांचे कापड मेजावर पसरत, त्यावरून एक्स्चेकर. ऋषी सुनक पंतप्रधान होण्याआधी याच पदावर होते. तिथलेच लॉर्ड चॅन्सेलर हे वेगळे पद, शतकानुशतके न्यायसंस्थेच्या शिखरावर असलेले. २००५ च्या कायद्याने त्यांचे बरेच अधिकार काढून घेतले. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात चॅन्सेलर हे न्यायाधीशाचे पद आहे. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एकेका परिसराचा चॅन्सेलर म्हणजे रोज काम करणारा प्रमुख, आपल्या कुलगुरूंसारखा. तेव्हा तिथला चॅन्सेलर दिसला म्हणून त्याला कुलपती म्हणणेही चूकच.

हे सगळे सांगायचे कारण असे की, माझ्या मोबाइलमधल्या भाषांतर करणाऱ्या यंत्राने मध्यंतरी एका जर्मन बातमीत तिथल्या सरकारप्रमुखांना 'कुलपती' करून टाकले. यंत्राला माफ करता येईल. पण हल्ली अशी भाषांतरे तशीच्या तशी छापलेली दिसतात, तेव्हा वाईट वाटते. जर्मनीच्या चॅन्सेलरला चॅन्सेलरच म्हणावे, ब्रिटनच्या चॅन्सेलरला अर्थमंत्री म्हणावे. आपले जुने पत्रकार असेच लिहीत असत.

आता 'कुलगुरू' या शब्दाबद्दल. तो मला मराठीचा अभिमान वाटावा असा शब्द आहे. इंग्रजांनी १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठ स्थापन केले तेव्हा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन चॅन्सेलर झाले आणि विद्यापीठ बघणारा तो व्हाइस, म्हणजे त्यांच्या जागी काम करणारा. १८९२ मध्ये न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय व्हाइस चॅन्सेलर झाले, ते उच्च न्यायालयाचे काम सांभाळून. त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. स्वातंत्र्याच्या वेळी पां. वा. काणे. अशा माणसांना 'उप' म्हणायचे? मराठीने तो उप काढून टाकला आणि तिथे गुरू बसवला. वरच्याला पती, म्हणजे पालनकर्ता. प्रत्यक्ष विद्या सांभाळणाऱ्याला गुरू. आता मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानाने २०२५ मध्ये 'कुलपति' सोडून 'कुलगुरु' स्वीकारले. आपण ज्या शब्दाला इतकी वर्षे जपले, तो दुसऱ्यांनी मान देऊन नेला. आणि अशा वेळी आपण त्यांचा टाकलेला अर्थ उचलावा, हे मला सहन होत नाही.

'पती' शब्दावर आक्षेप घेणारे आहेत, त्यांचेही मी ऐकते. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ही चर्चा झालीच होती. विजयालक्ष्मी पंडित १९६२ ते १९६४ महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या, म्हणजे कुलपतीही होत्या, तेव्हा कोणी अडखळले नाही. संस्कृतात कुलपती म्हणजे दहा हजार मुनींना अन्न देऊन शिकवणारा ऋषी. शाकुंतलातले कण्व कुलपती आहेत. त्या शब्दात जेवण आहे आणि शिकवणे आहे, नवरेपण कुठेच नाही. तरीही उद्या स्त्रियांना आणि पुरुषांना सारखा शोभेल असा दुसरा शब्द कोणी सुचवला, तर मी आनंदाने ऐकेन. तो मात्र मराठीत विचार करून सुचवलेला असावा.

आपल्याकडून माझी अपेक्षा साधी आहे. हिंदी वृत्तसंस्थेची बातमी आली आणि त्यात 'कुलपति' दिसले, की उपसंपादकांनी एकदा थांबावे आणि विचारावे, हे राज्यपाल की विद्यापीठात बसणारे? 'उपकुलपती' हा शब्द आपल्या पानांवर पुन्हा येऊ नये. आणि गेल्या आठवड्याच्या त्या बातमीची दुरुस्ती छापावी, लहान चौकटीत का होईना. ती चौकट मी कापून आयोजकांकडे नेणार आहे. त्यांनी मला सांगितले आहे की, वर्तमानपत्रात छापून आले तर पुढच्या वर्षीची उत्तरसूची ते बदलतील.

नातीच्या उत्तरपत्रिकेच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ पान तिने दिले नाही. फुलीखाली पेन्सिलीने 'बरोबर' असे लिहून ते तिने आपल्या फाइलीत ठेवले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त सहायक अधीक्षक
चरई, ठाणे (पश्चिम)